आरशातलं घरटं

गळ्यावर वस्तरा असताना माणूस कुठल्याही फोटोला छान म्हणतो, हे सलूनवाल्या काकांच्या गिऱ्हाइकांना चांगलं ठाऊक होतं. काका एका गालाची दाढी संपवून दुसऱ्याकडे वळायच्या आत मोबाइल बाहेर काढत आणि फेसाने माखलेल्या नाकासमोर धरत.

"हा बघा खंड्या. रविवारी तळ्यावर मिळाला."

गिऱ्हाइकाला एक फांदी दिसे, बरंचसं आभाळ दिसे आणि कोपऱ्यात काहीतरी निळं दिसे.

"कुठाय?"

"हे काय! ही शेपटी. बाकीचा उडाला."

"वा, छान," गिऱ्हाईक ओठ न हलवता म्हणे. वस्तरा अजून हनुवटीखालीच असे.

काकांना हा नाद लागून तीन वर्षं झाली होती. दर रविवारी सकाळी परिसरातली पंचवीस-तीस माणसं पक्षी बघत फिरायला जात, त्यांच्यात काका एक जुना कॅमेरा गळ्यात अडकवून सामील झाले होते. वसंत आला, झाडांना पालवी फुटली, की पक्ष्यांची घाई सुरू होते, आणि फोटोवाल्यांची त्याहून जास्त. कारण वसंताच्या शेवटी वाचनालयाच्या सभागृहात या मंडळींच्या फोटोंचं प्रदर्शन भरे आणि दर्शनी भिंतीवर एकच मोठा फोटो लागे. दोन वर्षं ती भिंत दातांच्या डॉक्टरांनी अडवून ठेवली होती. डॉक्टरांची लेन्स पाण्याच्या पाइपाएवढी होती, आणि पक्षीसुद्धा त्यांच्यासमोर आ वासून बसत. काकांचा फोटो मात्र दोन्ही वर्षी परत आला. ग्रंथपालबाईंनी पहिल्या वर्षी "पक्षी दिसत नाही" असा शेरा मारला होता आणि दुसऱ्या वर्षी "याही वर्षी" एवढाच.

काका हसण्यावारी नेत, पण आतून त्यांना ते लागलं होतं. अठ्ठावीस वर्षं लोकांची डोकी नीटनेटकी करणाऱ्या माणसाच्या हातून एक अख्खा पक्षी निघू नये? यंदा फोटो द्यायची शेवटची तारीख शनिवार होती. मंगळवारी सकाळी कॅमेरा उचलता उचलता काकांनी जाहीर करून टाकलं, "यंदा भिंत आपली!"

"आधी आपल्या भिंतीला रंग द्या," काकू म्हणाल्या.

काका पाण्याच्या टाकीमागच्या वाटेने निघाले. टाकीच्या कुंपणावर बोगनवेल चांगलीच माजली होती. तिच्यातून एक बुलबुल सुर्रकन उडाला. काकांनी पानं बाजूला सारून आत पाहिलं. छातीच्या उंचीवर वाटीएवढं घरटं होतं आणि त्यात तीन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले, चोची वासलेल्या. उडून जाणं ज्यांना शक्यच नाही असे तीन पक्षी! इतकं स्थिर बसणारं गिऱ्हाईक काकांना जन्मात मिळालं नव्हतं.

त्यांनी कॅमेरा लावला. मध्ये पान आलं. इकडून पाहिलं तर फांदी. तिकडून पाहिलं तर पुन्हा पान.

आता काकांच्या वरच्या खिशात कात्री असते. दुकान बंद असलं तरी असते, लग्नाला गेले तरी असते. ती हातात कधी आली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. समोरची एक फांदी गेली. मग डावी बाजू जरा जड वाटली, म्हणून तिकडच्या दोन गेल्या. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीकडच्या तीन. "वरून किती ठेवू?" असं त्यांनी जवळजवळ विचारलंच होतं. असं करता करता पाच मिनिटांत घरट्याभोवती अशी सुबक गोल खिडकी झाली, की माळ्यानेही मान डोलवावी. खाली अठरा फांद्या पडल्या होत्या. काकांनी त्या सवयीने पायाने एका बाजूला सारल्या.

फोटो अप्रतिम आला. तीन वासलेल्या चोची, आतले केशरी घसे आणि वरून सकाळचं कोवळं ऊन. काकांनी तो मोबाइलवर घेऊन लगेच रविवारच्या फेरीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सव्वीस अंगठे वर झाले. डॉक्टरांनी लिहिलं, "काका, मानलं! जागा कुठली?" काकांनी नकाशासकट जागा कळवली. मन मोठं हो त्यांचं!

बुधवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून टाकीकडे गेले. आयतं कौतुक मिळणार असेल, तर माणसाने चुरगळलेलं जाऊ नये. पण तिथे काकांकडे बघायला कुणाला सवड होती? एकोणीस माणसं कुंपणाला चिकटली होती. कुणी घरट्यापासून वीतभर अंतरावर मोबाइल धरला होता. एक जण स्कूटरच्या सीटवर उभा होता आणि त्याची बायको स्कूटर धरून उभी होती. एकीने मोबाइलवर बुलबुलाचा आवाज लावला होता. का, तर बुलबुलाला घरच्यासारखं वाटावं! डॉक्टर सगळ्यांच्या मागून "सरका हो, सरका" करत होते.

पिल्लांची आई विजेच्या तारेवर होती. चोचीत हिरवी अळी. अळी न सोडता ती चिरक्या आवाजात ओरडत होती, तारेच्या या टोकावरून त्या टोकाला जात होती, पण खाली येत नव्हती.

"पोज देतेय, पोज!" स्कूटरवरचा म्हणाला.

टाकीच्या कठड्यावर एक कावळा बसला होता. त्याचा फोटो कुणी काढत नव्हतं, आणि त्यालाही फोटोशी काही कर्तव्य नव्हतं. ऊन चढलं होतं आणि काकांच्या त्या सुबक खिडकीतून थेट घरट्यात पडत होतं.

"बाजूला व्हा सगळे!"

हा आवाज सिस्टरांचा. रविवारच्या फेरीच्या त्या म्होरक्या. पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, आवाज झाला नव्हता. परिसरातल्या अर्ध्या लोकांना जन्मल्या जन्मल्या त्यांनीच उलटं धरून रडवलेलं, त्यामुळे अहो-जाहो करायचं कुणाला, हा त्यांना प्रश्नच होता. ग्रुपवरचा फोटो त्यांनी त्या सकाळी पाहिला आणि चहा तसाच टाकून त्या निघाल्या होत्या.

त्यांनी एकदा घरट्याकडे पाहिलं, एकदा खालच्या फांद्यांकडे.

"ही हजामत कुणी केली?"

एकोणीस माणसांनी काकांकडे पाहिलं. कापणी इतकी सफाईदार होती, की साक्षीदारांची गरजच नव्हती.

"सिस्टर, मी आपलं फक्त जरासं समोरून..."

"तू थांब. ए, स्कूटरवरून उतर. तो आवाज आधी बंद कर गं, तिला वाटतंय दुसरा बुलबुल घरात घुसलाय. डॉक्टर, तोंड मीट आणि तो पाइप आत ठेव. सगळ्यांनी त्या झाडापलीकडे जायचं. पळायचं नाही, चालायचं."

जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या डॉक्टरांनी आपलं तोंड मिटलं. गर्दी निमूट मागे सरली. काका मात्र जागच्या जागी उभे होते.

"आता आत बघ," सिस्टर म्हणाल्या. "फोटो नाही काढायचा. नुसतं बघ."

काकांनी पाहिलं. दोन पिल्लं माना टाकून धापा टाकत होती. तिसरं तांबूस मऊ अस्तरावर आडवं पडलं होतं.

"झोपलंय का हो ते?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एका पानावर ते पिल्लू अलगद उचललं, कुंपणाच्या मुळाशी ठेवलं आणि काकांचा दंड धरून त्यांना झाडापर्यंत मागे आणलं.

"तुझी मुलगी झाली तेव्हाचं आठवतं? वॉर्डात आला होतास. गिऱ्हाइकांसकट अकरा जण."

"तुम्ही हाकललंत आम्हाला."

"का हाकललं? बाळंतिणीला आडोसा लागतो म्हणून. समज, मी हाकललं नसतं. उलट खोलीचा पडदा काढला असता, खिडकीची तावदानं काढली असती आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारल्या असत्या, या, बघा, बाळ किती गोड आहे! आणि तुझ्या बायकोला उभं केलं असतं दाराबाहेर. बाळ आत भुकेने रडतंय आणि हिला आत जाता येत नाही. चाललं असतं तुला?"

"पण मला पक्षी आवडतात हो, सिस्टर! मी काय वैरी आहे का त्यांचा?"

"वैरी परवडला. तो कावळा बघ. पोट भरलं की तो जाईल. तुमच्या आवडीचं पोटच भरत नाही. एक झाला की दुसरा फोटो, तू झालास की डॉक्टर, डॉक्टर झाला की स्कूटरवाला. ती पानं तुला आड येत होती ना? अरे, तेच तिचं छप्पर होतं, तेच दार होतं!"

काकांच्या डोळ्यांसमोरून ते तांबूस अस्तर हलत नव्हतं. तो रंग त्यांनी अंधारातही ओळखला असता. त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या, विमा एजंटांच्या, केसांसाठी तो त्यांनीच कालवला होता, आणि जरा जास्तच तांबडा झाल्यावर "सध्या हाच चालतो" म्हणून खपवलाही होता. दुकानामागे टाकलेल्या केरातून एकेक केस उचलून पक्ष्याने तो दोन गल्ल्या ओलांडून इथवर आणला होता.

"सिस्टर," काका म्हणाले, "माझ्या दुकानातला कचरा नेऊन तिने पोरांना गादी केली. आणि मी तिच्या घराचा कचरा केला!"

आणि पन्नाशीतला तो माणूस इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला.

"रडायला अख्खी संध्याकाळ पडलीय," सिस्टर म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "आधी सुतळी आण."

स्कूटरवाल्याने डिकीतून सुतळी काढून दिली. कुंपणाच्या पार पलीकडच्या टोकाच्या ताज्या फांद्या आणून काकांनी त्या खिडकीवर बांधल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ते कापलेलं परत लावत होते. फांद्या दुपारपर्यंत सुकणार, म्हणून रोज सकाळी नव्या बांधायच्या, तेही एका मिनिटात, असं सिस्टरांनी बजावलं. मग सगळ्यांना घरी पिटाळलं. काका तीस पावलांवरच्या झाडाखाली राखणीला बसले, कारण कावळ्याला पत्ता कळला होता.

अर्धा तास झाला. काका टक लावून बसले होते. आई तारेवरच होती.

"येत का नाही हो?"

"तू डोळे रोखून बसलायस म्हणून. मांजर असंच बसतं. पाठ कर तिच्याकडे."

"पाठ केली तर कावळा कसा दिसायचा?"

काकांनी डोकं खाजवलं आणि एकदम ते उठून उभेच राहिले.

"आरसा! अहो सिस्टर, अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? सगळं जग मी आरशातच बघतो!"

तासाभरात दुकान झाडाखाली आलं. आरसा खोडाला टांगला, ऊन परावर्तित होऊन घरट्यावर पडणार नाही असा सावलीत. त्याच्यासमोर खुर्ची, बाजूला स्टुलावर फेसाची वाटी. काकू गरम पाण्याचा थर्मास घेऊन आल्या आणि कमरेवर हात ठेवून त्यांनी चहूकडे पाहिलं. "रंगाचा प्रश्न तरी मिटला. आता भिंतच नाही," त्या म्हणाल्या आणि दुकानाच्या दारावर पाटी लावून आल्या: टाकीमागे झाडाखाली या, येताना हळू बोला.

पहिले आले विमा एजंट. बसले, डोकं मागे टाकलं, फेस लागला. एक गाल झाला. एजंटांनी सवयीने स्वतःच विषय काढला, कटकट लवकर संपावी म्हणून.

"मग काका, आज काय मिळालं? शेपटी का?"

"हलू नका!" काका कुजबुजले.

एजंट ताठ झाले. वस्तरा हवेत तसाच थांबला होता. आरशात काकांचे डोळे विस्फारलेले दिसत होते आणि त्यांत पाणी तरळत होतं.

"काका... कापलं का हो? खोल आहे का?"

"अहो नाही! ती कुंपणावर उतरलीय. इकडे बघतेय. तिकडे बघतेय... गेली! आत गेली! अळी घेऊन आत गेली!"

एजंटांनी आधी गळा चाचपला आणि मग, का कोण जाणे, त्यांनाही आनंद झाला. दुसरा गाल तसाच ठेवून दोघं आरशात बघत राहिले. आई बाहेर आली, चोच रिकामी होती. दहा मिनिटांनी ती पुन्हा आली. काकांनी तिचा एकही फोटो काढला नाही आणि तरी एवढा सुंदर पक्षी आपण पाहिलाच नव्हता असं त्यांना वाटलं.

पुढचे दिवस दुकान तिथेच चाललं. कावळा दिवसातून दोन-तीनदा झेप घेई आणि काका ओला टॉवेल गरागरा फिरवत धावत. एकदा त्यांच्या मागोमाग गळ्यात कापड बांधलेले, अर्धा चेहरा फेसाने माखलेले विमा एजंटही धावले, तेव्हा कावळा जो घाबरला तो त्या दिवशी पुन्हा फिरकला नाही. डॉक्टरही राखणीला येऊ लागले. नुसतं बसलं की त्यांची मान घरट्याकडे वळे, म्हणून सिस्टरांनी त्यांना रोज खुर्चीत बसवून दाढी करून घ्यायला लावली. एकेका दिवसात दोन-दोन दाढ्या! शनिवारपर्यंत डॉक्टरांच्या गालांवर काही उगवायचंच राहिलं नाही.

शनिवारी दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. हातात वस्तरा होता म्हणून काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, अभिनंदन! तो घरट्याचा फोटो मी ग्रुपवर पाहिला. दर्शनी भिंतीसाठी तोच ठरलाय. मोठी प्रत संध्याकाळपर्यंत पाठवा."

खोटं कशाला बोलायचं, काकांना मोह झाला. तीन वर्षं ज्या भिंतीसाठी जीव टाकला, ती चालत दाराशी आली होती. फोटो तर काढून झालाच होता. आता तो लावल्याने पिल्लांचं आणखी काय बिघडणार होतं? त्यांनी मोबाइलवर तो फोटो उघडला. तीन चोची. मग आरशात पाहिलं. फांद्यांच्या फटीतून दोनच चोची वर आल्या होत्या.

"बाई, तो फोटो लावू नका," काका म्हणाले. "त्यात तीन पिल्लं आहेत. आता दोनच उरलीत. तिसरं तो फोटो काढण्यापायी गेलं. भिंतीवर लावला, तर उद्या दहा जण तसाच काढायला कात्र्या घेऊन निघतील."

"अहो, मग भिंतीवर काय लावू? डॉक्टरांचा मागवू का?"

डॉक्टर खुर्चीतच होते. त्यांनी फेसाआडून मान हलवली.

"माझा नको. माझा गेल्या वर्षीचाही घरट्याचाच होता. मी फांद्या कापल्या नव्हत्या, दोरीने मागे ओढून बांधल्या होत्या." थोडं थांबून ते म्हणाले, "सोडायच्या राहिल्या."

"मग त्या पिल्लांचं काय झालं?" काकांनी विचारलं.

"मी परत बघायला गेलोच नाही, काका."

काकांनी आपला तो फोटो मोबाइलवरून काढून टाकला, ग्रुपवरूनही काढला आणि डॉक्टरांची उरलेली दाढी पुरी केली.

आणि भिंत? त्या वर्षी दर्शनी भिंतीवर एक चिमणी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेली, चोचीपासून शेपटीपर्यंत अख्खी. फोटो काकूंनी मोबाइलवर काढलेला. "त्यात काय एवढं? मी भांडी घासते तेव्हा ती रोज येते. तिला मी काही करत नाही, मला ती काही करत नाही," असं त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं. काकांना आनंद झाला, आणि जरा जळजळही झाली. माणूसच तो!

त्याआधी, सोमवारी सकाळी, पिल्लं उडाली. झाडाखाली सात माणसं कुंपणाकडे पाठ करून एका आरशासमोर दाटीवाटीने उभी होती. पहिलं पिल्लू फांदीवर आलं, डगमगलं, खाली घसरलं. सात जणांच्या तोंडून एकदम "अरे!" निघालं. पण ते पडलं नव्हतं. खालच्या फांदीला धरून ते फडफडत होतं. समोरच्या झाडावरून आई बोलावत होती. ते झेपावलं आणि पोचलं! मागोमाग दुसरं. सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते आणि कुणाच्याही हातात नव्हता. सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "दोन्ही सुखरूप." काकांनी मात्र कुंपणाच्या मुळाशी, तिसऱ्याला ठेवलं होतं त्या जागेकडे, एकदा वळून पाहिलं.

पुढच्या रविवारी फेरीत एक नवे गृहस्थ आले, पेशाने अभियंता, नवाकोरा कॅमेरा घेऊन. त्यांना एका झुडपात होल्याचं, म्हणजे छोट्या कबुतरासारख्या पक्ष्याचं, घरटं दिसलं आणि त्यांचा हात आडव्या आलेल्या फांदीकडे गेला. काकांनी तो वरच्यावर धरला.

"एकच घेतो हो काका, एक सेकंद."

"घ्या की. पण आधी पिल्लांच्या आईला विचारा."

"पक्ष्याला कसं विचारायचं?"

"सोपं आहे. ती आपलं काम करत राहिली, तर हो. उडून लांब जाऊन बसली, ओरडायला लागली, पिल्लांचा घास चोचीतच राहिला, तर नाही. आणि नाही म्हटलं की आपण निघायचं. मी एकदा विचारलं नव्हतं."

अभियंत्यांनी मान वर केली. होल्याची मादी लांबच्या फांदीवर जाऊन बसली होती आणि तिथून हलत नव्हती. त्यांनी कॅमेरा खाली केला.

मंडळी, वसंतात जरूर बाहेर पडा, पक्षी बघा, मुलाबाळांना दाखवा, फोटोही काढा. पण दुसऱ्याच्या घरी गेलं की दार वाजवावं, नको म्हटलं तर परत फिरावं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. ते झाडाखाली गेल्यावर विसरू नका. त्या रविवारी सगळी फेरी त्या झुडपापासून दूर गेली, वळणावर दिसेनाशी झाली, आणि ती मादी पिल्लांपाशी परत आली.